निघणाऱ्या हरिणीला

सरिताला गप्प बसायचा पगार मिळतो आणि नेमकं तेवढंच तिला जमत नाही, असं तिचा नवरा गिरीश म्हणायचा. ती चिपळूणची, जनावरांची डॉक्टर. तबूक या अरबी शहराच्या पलीकडे वाळवंटात हरणं वाढवून रानात सोडणारं एक सरकारी केंद्र आहे, तिथे ती काम करते. तेलावर मोठा झालेला हा देश आता हरवलेलं रान परत आणायच्या मागे लागलाय. केंद्राचा नियम कडक: हरणांशी बोलायचं नाही. माणसाला सरावलेलं हरीण रानात टिकत नाही, त्याला जन्मभर कुंपणातच ठेवतात.

पण आई गेलेलं एक पाडस बाटलीला तोंडच लावेना, तेव्हा कोकणातली बाई किती वेळ तोंड मिटून बसणार? "पी गं बाय," ती पुटपुटली आणि पाडस प्यायलं. मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी निघताना ती कुंपणाशी वाकून म्हणायची, "येते हं." निघताना 'जाते' म्हणू नये, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. पाडसाची हरिणी झाली. झोपेतही तिला तीच दिसायची, पाय न टेकवता वाळूवरून तरंगत जाणारी. त्या स्वप्नातून उठावंसंच वाटत नसे.

सोडायच्या दिवशी पहाटेपासून धुकं होतं. वाळू कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. केंद्राची प्रमुख अरवा हसून म्हणाली, "आजोबांनी जीपमधून हरणं मारली, मी जीपमधून सोडतेय. यल्ला, चला!"

दार उघडलं. सगळा कळप धुक्यात विरघळला. बाटलीवर वाढलेली ती हरिणी मात्र थांबली, वळली आणि सरिताकडे चालत आली.

अरवाचा चेहरा उतरला. "डॉक्टर, ही आणखी जवळ आली तर मला तिला परत आत घ्यावं लागेल."

सरिता दोन पावलं मागे सरली. आपल्याच लाडाने पोरीचं वाटोळं केलं! तिने मूठभर खडे उचलून भिरकावले आणि घसा फोडून ओरडली, "जा! जा म्हणते ना!"

हरिणी दचकली. तिने क्षणभर सरिताकडे पाहिलं आणि उसळी मारून ती धुक्यात शिरली. आता अगदी स्वप्नातल्यासारखीच दिसत होती.

सरिता वाळूतच बसून रडली. अरवा शेजारी टेकली. "काय म्हणालीस तिला?"

"जा म्हणाले. आमच्याकडे निघताना असं म्हणत नाहीत. 'येते' म्हणायचं, म्हणजे माणूस परत येतं."

"मग आज?"

"ती परत यायला नको, अरवा."