मंद करून देणारा माणूस

जगात सगळ्यांना कॉम्प्युटर फास्ट करून हवा असतो. तो मंद करून देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला भाऊ निघाला.

दादाचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. पोट भरतं प्रिंटरच्या दुरुस्तीवर, पण जीव अडकलाय जुन्या गेममध्ये. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे ते गेम तेव्हाच्या मशीनच्या वेगाच्या भरवशावर लिहिलेले. आजच्या मशीनवर लावले की गाडी दिसायच्या आत भिंतीवर आदळते, खेळ खलास. दादा एका प्रोग्रॅमने नव्या मशीनच्या पोटात जुनं मशीन उभं करतो आणि त्याचा वेग आकड्याने कमी-जास्त करतो. आकडा किती, हे गिऱ्हाइकाला कुठून ठाऊक असणार? म्हणून दादा त्याला डोळे मिटून गेमचं संगीत आठवायला लावतो, टेबलावर बोटांनी ताल धरायला सांगतो, आणि ताल जुळेपर्यंत आकडा हलवत बसतो. टक्कल पडलेले मोठमोठे साहेब तिथे टेबल बडवताना मी पाहिलेत. एका बाईंना तर ताल जुळल्यावर रडूच कोसळलं. दादाने पाणी पुढे केलं आणि कीबोर्ड ओला होऊ देऊ नका म्हणाला. एक वेळ दगडाला पाझर फुटेल, पण ह्याच्या तोंडून मायेचा शब्द फुटायचा नाही.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. सव्वीस वर्षं झाली. लहानपणी दादा हुशार आणि मी ढ, हे घरात ठरूनच गेलेलं. एका गोष्टीत मात्र मी त्याच्या पुढे होते. बाबांनी त्यांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर आणला होता, त्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम होता. आम्ही आळीपाळीने खेळायचो. दादा तिसऱ्या वळणावर आपटायचा, मी अख्खी शर्यत पार करायची. आपले हात स्टिअरिंगसाठीच घडलेत हे मला तेव्हा पटलं, आणि त्या एका खात्रीवर मी पुढचं सगळं उभं केलं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट ऐकवते. त्यांना हवी असो वा नसो.

तो गेम लावून दे म्हणून मी वर्षानुवर्षं दादाच्या मागे लागले होते. तो आज वेळ नाही, उद्या फ्लॉपी सापडत नाही, असं करत टाळायचा. परवा पन्नाशी झाली त्या दिवशी मी दुकानात जाऊन बसले आणि लावल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. त्याने निमूटपणे लावला. मला ताल धरायला सांगितलं नाही, आकडा त्याला पाठ होता.

गाडी सुटली आणि माझी बोटं आपोआप चालू लागली. एकाही गाडीला न घासता मी शर्यत पार केली. इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी दादाला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, आता तू आपट.

तो बसला, आणि सवयीने त्याचा हात आधी आकड्याकडे गेला. संगीत एकदम दुप्पट वेगाने वाजू लागलं. दादाचा हात तिथेच थांबला.

शेजारच्याने चुकीचं पेडल दाबलं तर ते मला न बघता कळतं. हेही कळलं. आमच्या त्या जुन्या मशीनला पुढे उजव्या कोपऱ्यात वेग निम्मा करायचं एक बटण होतं, आणि दादा नेहमी त्याच बाजूला बसायचा; माझी पाळी आली की तो ते दाबत असणार. त्याला उठवून मी त्या दुप्पट वेगात खेळून पाहिलं. पहिल्याच वळणावर आपटले. तीनदा.

"कधीपासून चाललं होतं हे?" मी विचारलं.

"तू नापास झालीस तेव्हापासून. घरात कोणी तुझ्याशी धड बोलत नव्हतं. जिंकलीस की मग जेवायचीस."

मला भयंकर राग आला. दया दाखवल्याचा आला, आणि इतकी वर्षं मिरवत राहू दिल्याचा त्याहून जास्त.

"अरे, त्या जिंकण्याच्या जिवावर मी गाडी शिकले," मी म्हटलं. "शेकडो लोकांना शिकवली. म्हणजे सगळं खोटंच की."

दादाने गेम बंद केला.

"बटण गेममध्ये होतं," तो म्हणाला. "रस्त्यावर कुठं होतं?"