लोखंडी खुर्ची थंड नसते

भोयर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामठीत एका लग्नात लोकांचे आवाज काढून पाहुण्यांना हसवत होतो. पोट भरायचा धंदाच तो आपला. फोन ठेवला आणि पुढचा आवाज कुणाचा काढायचा तेच सुचेना… कारण मी आयुष्यात पहिला आवाज काढला तो सरांचाच.

भिवापूरच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. एकदा डिसेंबरात सकाळी सकाळी त्यांनी मला वर्गात उभं केलं. "बेंचाच्या फळीले हात लाव. आता लोखंडी पायाले लाव. कोणतं थंडं लागते?" मी म्हटलं, "लोखंड, सर." सरांनी दोन्हींना थर्मामीटर टेकवून ठेवला. आकडा सारखाच! "रातभर एकाच खोलीत हायेत ना गा दोघं. लोखंड तुया हाताची गरमी भराभर ओढते, लाकूड हळूहळू. अन् तू लोखंडालेच बदनाम करून राहिला!"

मधल्या सुट्टीत मी टेबलावर चढून, त्यांच्यासारखंच नाक ओढत, हा सगळा धडा म्हणून दाखवला. हसणारी पोरं एकदम आपापल्या बेंचावर. दारात सर! आता शाळेतून नाव कटते, मी समजलो. सर म्हणाले, "आवाज बरोबर हाय. पण लाकडाचं वाक्यच खाल्लं तू. पुन्हा कर." दुसऱ्या दिवशी मला ब तुकडीत नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "आज हा सर." विज्ञानात कसेबसे पस्तीस गुण मिळवणारा मी… तो धडा मात्र आजही चुकत नाही. आणि लोकांसमोर उभं राहायची भीती गेली ती तिथेच.

तेरवीनंतर नागपुरात सरांच्या घरी काकूंना, त्यांच्या बायकोला, भेटायला गेलो. मनात एकच धाकधूक. सरांचा आवाज आता काढायचा की नाही? माणूस गेल्यावर ती थट्टा तर नाही ना होत? काकूंनाच विचारायचं होतं. काकूंनी व्हरांड्यातली सरांची लोखंडी खुर्ची पुढे ओढली. "थांब बेटा, लय थंडी हाय खुर्ची. सतरंजी टाकते." आणि माझ्या तोंडून, नाक ओढत, निघूनच गेलं, "थंडी नाही वं! गरमी ओढून राहिली. दोन मिनिटं बसलं का होते बरोबर."

काकूंच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. मी जीभ चावली. त्या माझ्याकडे नाही, खुर्चीकडे पाहत होत्या… मग त्यांनी सतरंजीची घडी घालून ती परत ठेवून दिली.

"बस मंग," त्या म्हणाल्या. "पण दोन मिनिटांत उठू नको."