झिंगे, उदबत्ती आणि आईंचा गुंड

दोन हजार सात-आठच्या हिवाळ्यात नालवाडीतल्या आमच्या घरी मी झिंगे पाळायला घेतले. पाळायला, खायला नाही... हे गल्लीत प्रत्येकाला वेगळं समजावून सांगावं लागलं. शेजारच्या काकू तर रोज विचारायच्या, "मोठे झाले का वो? भाजी कधी करून राह्यली?"

सायबर कॅफेतून दहा पानांचं प्रिंटआउट आणलं होतं. काचेची टाकी नागपूरहून एसटीत मांडीवर घेऊन आले. वाळू, शेवाळ, एअर पंप, सगळं रीतसर! झिंगे बाजारात मासे विकणाऱ्या मावशींकडून, धाम नदीतले, नखाएवढे, जिवंत.

नळाचं पाणी रात्रभर साठवून मगच टाकीत ओता, असं त्या कागदात होतं. एवढं पाणी कशात ठेवायचं? आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतःहून त्यांचा तांब्याचा गुंड, म्हणजे पाण्याची मोठी घागर, पुढे केला. रोज चिंच लावून घासलेला, लखलखीत. "याच्यात ठेव, पाणी शुद्ध राह्यते."

दोन दिवसांत सगळे झिंगे आडवे.

मावशींकडून पुन्हा आणले. पुन्हा तेच... माझं डोकंच फिरलं. टाकी बाहेरच्या खोलीत, देव्हाराही तिथेच, आणि आईंची उदबत्ती सकाळ-संध्याकाळ. मी सगळ्यांसमोर फाडकन बोलले, "तुमच्या धुराने मेले ते!" दुसऱ्या दिवसापासून उदबत्ती बंद. आई नुसती दोन फुलं वाहून हात जोडायच्या. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, तेव्हा नाही वाटलं. झिंगे वाचतील एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्यांदा आणलेलेही मेले! आता धूर नव्हता, तर मी लोडशेडिंगला शिव्या घातल्या. पंप सहा-सहा तास बंद, झिंगे काय करतील बिचारे... नवरा म्हणाला, टाकीत मनीप्लांट लाव. त्याच्याशी दोन दिवस अबोला.

चौथ्यांदा झिंगे घ्यायला गेले तेव्हा मावशीच वैतागल्या. "काऊन वो बाई, पाणी कशात ठेवता?" मी ऐटीत सांगितलं, तांब्याच्या गुंडात. त्यांनी कपाळावर हात मारला. "तांब्या-पितळात जीता झिंगा टिकते का? आमी हात नाई लावत तशा भांड्याले."

घरी येऊन प्रिंटआउट काढलं. चौथ्या पानावर लिहिलेलं होतं, कॉपरपासून सांभाळा. खाली लाल पेनाची रेघ, माझीच. कॉपर म्हणजे शेतात फवारतात ते औषध, आपल्या घरात कुठलं, असं समजून मी पान उलटलं होतं. शिकल्या-सवरल्या बाईची ही अक्कल!

आता पंचाईत अशी की उदबत्तीवरचा आळ काढायचा तर तो गुंडावर येणार. आईंनी प्रेमाने दिलेल्या गुंडावर. संध्याकाळभर मी स्वयंपाकघरात उगीच भांडी हलवत राहिले. शेवटी जाऊन एका दमात सांगून टाकलं. चूक माझी, वाचून न वाचल्यासारखं मी केलं, धुराचा काही संबंध नव्हता.

आई रागावतील, निदान दोन शब्द ऐकवतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मंग आता गुंडाचं काम नाई ना तुले?"

"नाही."

"मंग दे माहा मले. बारा दिवस झाले, माठातलं पाणी पिऊन राह्यली मी. तहानच भागत नाई."

मी तो घासून, भरून त्यांच्या खाटेजवळ ठेवला. सकाळी उदबत्ती मीच लावली, टाकीतलं जुनं पाणी फेकलं आणि माठ टाकीसाठी घेतला. चौथ्या खेपेचे झिंगे जगले, पुढे त्यांना पिल्लंही झाली... पण ते जाऊ द्या.

टाकीतलं पाणी मी दिवसातून चार वेळा वाकून बघत होते. आई पाणी कशातलं पितात, हे मात्र बारा दिवसांत एकदाही बघितलं नाही.