गरम येतंय का, बाई?

शेवटच्या काही वर्षांत, मे महिन्याच्या भर दुपारी, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असतानाही, मिस्त्री गाडीत बसला की आधी हीटर लावायचा. काचा उघड्या ठेवायचा, एवढीच त्याची दया. एसीच्या जाळीसमोर डावा तळहात धरून तो डोळे मिटायचा आणि शेजारच्याला विचारायचा, "गरम येतंय का?" त्या उकाड्यात गरम काय नव्हतं, तुम्हीच सांगा. गिऱ्हाईक हसायचं, मीही हसले आहे. तो मात्र हसत नसे.

कामणच्या रस्त्यावर, गोदामांच्या अलीकडे, त्याची गाड्या दुरुस्तीची पत्र्याची शेड होती. जमीन घरचीच, खाडीकडच्या भातशेतीतला उरलेला तुकडा. मी राहते तुळिंजला, शिकवते शाळेत, आणि माझी जुनी गाडी दर दोन महिन्यांनी काहीतरी कुरबुर काढते, तशी आमची ओळख. मला तो बाई म्हणायचा आणि बॉनेट उघडलं की मलाच वर्गातल्यासारखं झापायचा. पाणी कधी बघितलं होतं, हा त्याचा पहिला प्रश्न, आणि माझं उत्तर त्याला ठाऊक असायचं.

हीटरचं त्याने मला एकदा नीट समजावलं होतं. गाडीत हीटर म्हणून वेगळी शेगडी नसते. इंजिन गार ठेवणारं पाणी तापतं, त्यातलं थोडं दोन पाइपांतून डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये येतं आणि पंखा त्याच्यावरून वारा फेकतो. पाणी कमी झालं किंवा आत हवा अडकली, की पंखा फिरत राहतो आणि वारा थंड येतो. बिघाड कधीचा असतो, लोकांना कळतो थंडीत.

आपल्याकडे मात्र हीटर बंद असतो तो बहुतेक वेळा माणसाने केलेला. पाइप कुजला किंवा कॉइल गळायला लागली, की दुरुस्तीच्या भानगडीत कोणी पडत नाही. दोन्ही पाइप बाहेरच कापून एकमेकांना जोडायचे, पाणी आत जातच नाही, दहा मिनिटांत गाडी मोकळी. सगळेच करतात. मिस्त्रीनेही वर्षानुवर्षं केलं. माझा पाइप कुजला तेव्हा तीच जोड मारताना म्हणाला होता, "इथं थंडी कुठं हाय? हीटर कोन लावतो?" मला ते पटलंही होतं.

पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली, तो गेल्यानंतर. अशीच जोड त्याने एका खासगी ॲम्ब्युलन्सला मारून दिली होती. जानेवारीतल्या एका पहाटे ती जव्हारच्या वरच्या पाड्यावरून एक बाळंतीण आणि तिचं दिवस न भरलेलं बाळ घेऊन खाली येत होती. ड्रायव्हरने हीटर लावला, तर गार वारा. त्याने पंखा बंद केला, अंगातला स्वेटर काढून मागे दिला. आईने बाळ पदराखाली पोटाशी धरलं होतं. घाट उतरेपर्यंत ते गेलं.

डॉक्टर म्हणाले, एवढंसं होतं, तसंही वाचणं कठीण होतं. ड्रायव्हरने हेच मिस्त्रीला येऊन सांगितलं, समजूत काढायला. मिस्त्री म्हणाला, "गेलं असतं. पन थंडीनं गेलं नसतं."

दोन दिवस शेड बंद राहिली. तिसऱ्या दिवसापासून तो आपण कापलेले पाइप शोधत फिरू लागला. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात नसत, गाड्या असत. पेट्रोल पंपावर, लग्नाच्या मांडवाबाहेर, दिसेल तिथे गाडी ओळखायचा आणि बॉनेट उघडायला सांगायचा. पैसे घेत नसे, आणि फुकट काम करणाऱ्यावर आपला विश्वास बसत नाही. कळंबला एका कॉटेजवाल्याने त्याला हाकलून दिलं. आमच्या सोसायटीत तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी त्याला खालूनच परत पाठवलं. मला हीटर नकोच आहे, तुम्हाला दुसरं काम नाही का, असं मी विचारलं होतं. तो सरळपणे "नाय" म्हणाला होता.

गेल्या दिवाळीनंतर चौथ्यांदा आला तो रिक्षातून. डोळे पिवळे, शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा. त्याच्याकडे बघून मला नाही म्हणवेना. पार्किंगमध्ये त्याने तासभर काम केलं, मध्ये दोनदा खाली बसला. पाइप जोडले, पाणी भरलं, मला गाडी चालू करून आत बसायला सांगितलं. एरवी जाळीसमोर हात तो स्वतः धरायचा. त्या दिवशी खांबाला टेकून बसला तो त्याला उठवेना.

"बाई, धा मिनटं जाऊ द्या. मग हात धरून सांगा."

मी पाचेक मिनिटं मोबाइल बघत बसले. वर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा पडला होता आणि मला या प्रकाराचा कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू.

"गरम येतंय का, बाई?"

"येतंय," मी म्हणाले. हात मांडीवरच होता.

त्याने डोळे मिटले. "झालं. ही शेवटची होती."

चहा नको म्हणाला. रिक्षापर्यंत मी त्याच्या सोबत गेले, एवढं तरी केलं.

तीन आठवड्यांत तो गेला. दहाव्याला त्याच्या घरी गेले तिथे तो ॲम्ब्युलन्सवाला भेटला आणि त्याने बाळाचं सगळं सांगितलं. परत निघताना मी हीटर लावला. कामण ते तुळिंज, एक हात स्टिअरिंगवर आणि जमेल तेव्हा दुसरा जाळीसमोर. सगळा रस्ता वारा थंडच आला. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा कामणला गेले. शेडला कुलूप होतं. समोरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाहिलं. जोड पक्की आहे म्हणाला, फक्त पाइपात हवा राहिली आहे, तेव्हाच कोणी थंड येतंय म्हणून सांगितलं असतं तर मिस्त्रीने तिथल्या तिथे काढली असती. मग सवयीने पुढे म्हणाला, "मॅडम, इकडे हीटर कोण लावतंय? बायपास मारून देतो, टेन्शनच नाही."

मी नको म्हणाले. त्याने हवा काढली, पाणी भरलं, गाडी चालू ठेवायला सांगितली आणि तो दुसऱ्या कामाला लागला. मी आत बसून राहिले. आधी वारा थंड होता, मग कोमट झाला, मग तळहाताला चटका बसेल असा आला. विचारायला कोणी नव्हतं.

"येतंय, मिस्त्री," मी त्या कुलपाकडे बघत म्हणाले. या वेळी हात जाळीसमोर होता.