आवळून धरायचा व्यायाम

नऊ वर्षांची होईपर्यंत मी अंथरूण ओलं करायची आणि ही बातमी भवानी पेठेत पोचवायचं काम आत्याने अंगावर घेतलं होतं. वडिलांची ही विधवा बहीण आमच्याकडेच राहायची. माझी वाकळ ती मुद्दाम रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालायची. पोरीला लाज वाटली की खोड जाईल, हे तिचं शास्त्र. लाज भरपूर वाटली. खोड काही जाईना.

तीळगूळ झाला, अंगारा झाला, संध्याकाळनंतर पाणी बंद झालं. शेवटी आत्याने जेऊरकडचा एक डाग देणारा शोधून काढला. बेंबीखाली तापल्या विळ्याचे दोन चटके, की काम फत्ते. अमावास्येचा दिवसही ठरला. घरात कधी तोंड न उघडणारी आई तेव्हा म्हणाली, "आधी दवाखान्यात दाखवते."

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या मला हसल्या नाहीत, याचंच मला नवल वाटलं. लघवी आल्यावर आपण जिथं आवळून धरतो तेवढंच आत ओढायचं, पोट ढिलं ठेवायचं, श्वास रोखायचा नाही, पाच आकडे मोजून सोडून द्यायचं. दिवसातून तीनदा, उताणं निजून.

मूत अडवायचीबी शाळा निघाली म्हणून आत्या गल्लीभर सांगत फिरली. मी चिडून नेमाने करत राहिले. आईने ती अमावास्या माझ्या तापाचं निमित्त करून टाळली, पुढचीही टाळली. तिसरी अमावास्या येईपर्यंत वाकळ कोरडी राहायला लागली. श्रेय आत्याने अर्थातच अंगाऱ्याला दिलं.

मग एका दुपारी तिने मला आत बोलावून कडी लावली. बाळंतपण झाल्यापासून शिंकलं, हसलं की तिचं लुगडं ओलं व्हायचं. तिलाही तो व्यायाम शिकायचा होता. मला फार आनंद झाला, आणि तो चांगुलपणाचा नव्हता. मास्तरणीच्या तोऱ्यात मी तिला उताणी निजवलं आणि पोट ढिलं पडलंय का ते बघायला लुगडं जरा खाली सरकवलं. बेंबीखाली दोन जुने डाग होते.

"ल्हानपणी मीबी अंथरूण भिजवायची," ती म्हणाली.

"मग डागाने थांबलं?"

"कुटं थांबतंय? मोठी झाल्यावर गेलं आपसूक."

माझं डोकंच फिरलं. मग मला कशाला नेत होतीस, असं मी तिला विचारलं.

तिने आधी पाच आकडे नीट मोजले, सोडून दिलं आणि म्हणाली, "मला दिले की डाग. मग तुलाच कसं सोडायचं?"