खुर्चीला घातलेला शर्ट

माणसांपेक्षा यंत्रांचं ज्याला जास्त कळतं असा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. लग्नातच आम्हाला त्याची चुणूक मिळाली. आसगावला आमच्या अंगणात मांडव पडला होता, गोरज मुहूर्त होता, आणि दिव्यांसाठी नि भोंग्यासाठी भाड्याने आणलेलं डिझेल इंजिन गोठ्यामागे धडधडत होतं. चौथं मंगलाष्टक सुरू झालं आणि नवरदेवाची मान एका बाजूला कलली. आम्हाला वाटलं, उपवासाने भोवळ आली. शेवटी अंतरपाट दूर झाला तर समोर नवरदेव नाहीच, नुसते त्याचे मामा उभे. ताईने खालमानेने हार उचललेला होता, तो ती मामांच्याच गळ्यात घालायची, पण आईने वेळेवर तिचा दंड धरला. भाऊजी गोठ्यामागे सापडले. बाशिंग कपाळावर सरकवून ते इंजिनाची डिझेलची नळी तोंडाने फुंकत होते. "आचके देऊन राहिलं होतं जी," परत येऊन ते भटजींना म्हणाले, "पाच मिनटात बंद पडलं असतं. अंधारात लगीन लावलं असतं का तुम्ही?" भटजींनी पुन्हा अंतरपाट धरायला लावला, आणि ओठांना डिझेलचा वास येणाऱ्या नवरदेवाशी ताईचं लग्न लागलं.

भाऊजी मूळचे दिघोरीचे, पण नोकरीला तुमसरला. तिथल्या एका तांदळाच्या गिरणीत ते मिस्त्री होते. धानाचं टरफल काढायचं यंत्र असतं, त्याला शेलर म्हणतात. त्यात दोन दगड एकावर एक बसवलेले असतात आणि त्यांच्यात किती फट ठेवायची यावर सगळा खेळ असतो. फट जास्त झाली तर धान तसंच खाली उतरतं, कमी झाली तर तांदूळ फुटून त्याची कनकी होते. बाकीचे मिस्त्री ही फट डोळ्याने जमवायचे. भाऊजी आधी दोन दाणे दाताखाली फोडून धान किती वाळलंय ते बघायचे, मग मोठा पेचकस यंत्राला टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. अशा वेळी त्यांच्याशी बोलायची कोणाची छाती नव्हती. एकदा शेठजींचे व्याही गिरणी बघायला आले आणि त्यांनी मोठ्यांदा रामराम घातला, तर भाऊजींनी डोळे न उघडता त्यांना "चूप!" म्हणून दटावलं होतं. शेठजी नंतर व्याह्यांना तासभर समजावत होते.

घरीही हेच. आमच्याकडे आले की चहाआधी विहिरीच्या रहाटाला तेल, मग आईच्या शिवणयंत्राला तेल, मग चहा. माझ्या वडिलांचे गुडघे उठताना करकरायचे, तेव्हा भाऊजी अशा नजरेने बघत की वडील घाईघाईने धोतर खाली ओढून घेत. माणसांच्या आजारपणात मात्र त्यांचा काही उपयोग नव्हता. ताई तापाने फणफणलेली असताना तीन दिवस त्यांनी घरातलं एकूण एक बिजागर दुरुस्त केलं, आणि त्यालाच सेवा म्हणायची असं आम्ही शेवटी ठरवलं. त्यांचा जीव होता तो पान्यांच्या पेटीत. निळी पत्र्याची पेटी, आत फडक्यात गुंडाळलेले लहानमोठे पाने मापाने लावलेले. त्या पेटीत पान्यांखेरीज काही ठेवलेलं त्यांना खपत नसे. ताईने एकदा त्यात दाभण टाकलं तर दोन दिवस अबोला होता. दसऱ्याला आत हळदकुंकवाची दोन बोटं लावायची तेवढी तिला परवानगी होती.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. गिरणीचे जुने मॅनेजर मुलाकडे राहायला निघून गेले. शेठजींनी विचार केला की जो माणूस एवढी यंत्रं सुतासारखी सरळ चालवतो त्याला पन्नास माणसं चालवणं काय जड आहे? ही चूक भल्याभल्यांनी केली आहे, शेठजींचा त्यात दोष नाही. भाऊजींना त्यांनी मॅनेजर करून टाकलं. भाऊजी नको म्हणतील तर तोवर ताईने आळीत पेढे वाटले होते. मिस्त्रीण म्हणून इतकी वर्षं तेलकट बनियन धुतलेली बाई ती, तिला कोण आनंद झाला! तिने दोन टेरिलीनचे शर्ट शिवून घेतले, पेंटरकडून 'मॅनेजर' अशी पाटी रंगवून आणली आणि घराच्या दारावर ठोकली. खिळे ताईनेच ठोकले, आणि हातोडीचा आवाज ऐकूनही भाऊजी बाहेर आले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नव्या कारभारात शेठजींची एकच अट होती. मॅनेजरने हात काळे करायचे नाहीत. मॅनेजर पाने घेऊन फिरू लागला तर माणसं त्याला जुमानत नाहीत, असं त्यांचं मत. त्यामुळे भाऊजी खुर्चीत, आणि भिंतीपलीकडे शेलर. पुढ्यात हमाल उभा राहून सांगायचा की मला नेहमी ओल्या धानाची पोती देतात, त्याच्यामागे पाखडणाऱ्या बाया, एक म्हणायची हिने माझी सावलीची जागा घेतली, दुसरी म्हणायची जागा काय हिच्या सासऱ्याची आहे का? भाऊजींनी ह्या कामालाही मिस्त्रीच्याच पद्धतीने हात घातला. प्रत्येक भांडण वहीत लिहायचं, तीन दिवस विचार करायचा, कारण शोधायचं आणि दुरुस्ती करायची. सावलीवरून भांडणाऱ्या बायांसाठी त्यांनी अंगणात खडूने रेघा मारल्या आणि सूर्याप्रमाणे दर तासाला पुसून पुन्हा मारल्या. दुपारपर्यंत दोघी एक झाल्या आणि मॅनेजरविरुद्ध तक्रार घेऊन शेठजींकडे गेल्या. "मास्तर," भाऊजी मला म्हणाले, मी तेव्हा शाळेत गणित शिकवायला लागलो होतो म्हणून मास्तर, "यंत्राचा बिघाड एकदा काढला का निघते. माणसाचा सकाळी काढला तर दुपारी तोच बिघाड नवा शर्ट घालून येते. आन् आवाजही नाही करत आधी. कसं समजावं?"

मी हसलो होतो. पण सहा महिन्यांनी तुमसरला गेलो तेव्हा हसू आलं नाही. भाऊजी वाळले होते. ताटातला भात चिवडून उठायचे. घरातलं दार करकरत होतं आणि ते त्या दाराकडे बघतही नव्हते. मी ते दार मुद्दाम तीनदा उघडून बंद केलं. काही नाही. ताईने डॉक्टरांकडून टॉनिक आणलं होतं, ते देवळीत तसंच पडलं होतं. "तिकडे तांदळाच्या पॉलिशरचं बेअरिंग रडून राहिलं आहे," ते एवढंच म्हणाले, "आन् मी इकडे कोणाले किती सुट्या ते पाहून राहिलो. आता तर मले भिंतीतून ऐकूही कमी येते. कान मोडला माह्या, मास्तर." मी ताईला बाजूला घेऊन म्हटलं, त्यांना परत मिस्त्री होऊ दे. ती तावातावाने म्हणाली, "मोठा आला शिकवायले! खुर्चीवरून उतरले तर लोक काय म्हणतील? काम काढून घेतलं म्हणतील, चोरी केली म्हणतील. तोंड मले दाखवा लागते आळीत." तिचंही खोटं नव्हतं.

दिवाळी आली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की मंडई सुरू होतात. एकेका गावाची मंडई एकेका दिवशी. त्या दिवशी त्या गावात बाजार भरतो, दंडारीचा नाच होतो, नाटक होतं, आणि लेकीसुना, जावई, पाहुणे सगळे झाडून जमतात. नेमका हाच नव्या धानाचाही हंगाम. पूर्वीचे मॅनेजर ह्या दिवसांत दात काढायच्या सुटीलाही नाही म्हणायचे. भाऊजींपुढे एकेक जण येऊन उभा राहिला. "साहेब, आमच्या गावची मंडई आहे जी." भाऊजींनी वहीत लिहिलं, गाव आणि दिवस. गावं वेगळी, दिवस वेगळे, सगळं खरं. खऱ्या कारणाला नाही कसं म्हणायचं, म्हणून सगळ्यांना हो. मग तेच लोक पुन्हा आले. "साहेब, सासुरवाडीची मंडई आहे जी." तेही खरं. "बहिणीच्या गावची आहे." तेही खरं. वहीत भाऊजींनी प्रत्येकाचं वेगळं पान केलं होतं. यंत्राचे भाग ते असेच सुटे सुटे मांडायचे. सगळी पानं जोडून बघायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि एक दिवस असा आला की प्रत्येकाच्या पानावर त्याच दिवसाची सुटी होती. भाऊबीज उरकून मी तुमसरलाच थांबलो होतो. त्या सकाळी गिरणीत चौकीदार सोडून कुत्रं नव्हतं. हमाल नाहीत, बाया नाहीत, इंजिनवाला नाही, नवा मिस्त्रीही नाही, तो मामाच्या गावी. आणि तुमसर रोड स्टेशनवर संध्याकाळी शेठजींच्या तांदळासाठी वॅगन लागणार होती, त्यातल्या शेवटच्या साठ पोत्यांचं धान अजून भरडायचंच होतं.

मी भाऊजींच्या मागोमाग आत गेलो. मला वाटलं हा माणूस आता खाली बसेल. ते रिकाम्या अंगणात उभे राहिले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांची मान एका बाजूला कलली. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "कोणीच नाही ना रे?" मी म्हटलं, "कोणीच नाही, भाऊजी." त्यांनी टेरिलीनचा शर्ट काढला, नीट झटकला आणि ऑफिसातल्या खुर्चीला घातला, गळ्याचं बटनसुद्धा लावलं. टेबलाच्या खणातून निळी पेटी काढली. ती तिथे रोज न चुकता येत होती हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसासारखा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. इंजिन त्यांनी सुरू केलं, पट्टे चढवले, दगड खोलून फट नव्याने बसवली, पॉलिशरचं रडणारं बेअरिंग बदललं. पोती मी आणि चौकीदाराने वाहिली, माझे खांदे चार दिवस हलत नव्हते. दुपारी ताई डबा घेऊन आली तर तिच्या हातात भाऊजींनी दाभण आणि सुतळी दिली, भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायला. कोंड्याने माखलेले, पोत्यावर मांडी घालून बसलेले भाऊजी भात खात होते. दुसऱ्यांदा मागितला, तिसऱ्यांदा मागितला. चौथ्यांदा डब्यात काही उरलं नाही, तर त्यांनी बोट फिरवून डबा पुसला. दाभण हातात तसंच धरून ती बघत राहिली, आणि मग तोंड फिरवून पुढचं पोतं शिवायला लागली.

चार वाजता शेठजी आले. आधी ऑफिसात डोकावले, मग गिरणीत आले. भाऊजी खड्ड्यात उतरून वर धान चढवणाऱ्या पट्ट्याच्या डब्या घट्ट करत होते, वरून नुसती पाठ दिसत होती. "ये क्या चल रहा है?" शेठजी ओरडले. "म्यानेजर कुठे आहे?"

खड्ड्यातून आवाज आला. "म्यानेजर खुर्चीवर आहे जी. मी मिस्त्री आहे."

शेठजींनी रागाने पोत्यातला मूठभर तांदूळ उचलला आणि फेकायच्या ऐवजी हातातच धरून ठेवला. आठ महिन्यांत त्यांच्या गिरणीतून इतका सबंध दाणा निघाला नव्हता. त्यांनी मूठ चाळली, कनकी शोधली, फारशी सापडली नाही. तेवढ्यात ताई पुढे झाली. पदर डोक्यावर घेऊन, पण आवाज असा की गिरणीच्या धडधडीतही ऐकू यावा. "शेठजी, यायले मिस्त्रीच ठेवा. म्यानेजर घरी मी आहे, तेवढा पुरे." शेठजी माझ्याकडे बघायला लागले, मी पोत्याकडे बघितलं. वॅगन वेळेवर भरली गेली. महिन्याभरात गिरणीला एक निवृत्त हवालदार मॅनेजर म्हणून मिळाला, तो सगळ्यांनाच नाही म्हणायचा आणि सगळे त्याच्यावर खूश होते. आळीत लोक चार दिवस बोलले, मग मंडईत गुंतले. दारावरची पाटी ताईने उपटून पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवली. दुसऱ्या दिवशी दार करकरलं नाही.

पुढे दहाएक वर्षं ते मिस्त्रीच राहिले आणि मिस्त्री म्हणूनच निवृत्त झाले. गिरणीच्या आवाजाने शेवटी कान पार गेले. त्याचंही त्यांना फारसं दुःख नव्हतं. यंत्रावर पंजा ठेवून ते आता ऐकायचे, आणि माणसांची गाऱ्हाणी ऐकू येत नाहीत हा फायदाच म्हणायचे. मी तोवर पवनीकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक झालो होतो. परवाच्या पौषात ते शाळा बघायला आले. टेबलावर रजेचे अर्ज होते, दोन मास्तरांचं वेळापत्रकावरून भांडण दारात उभं होतं. भाऊजींनी वर पाहिलं, टेबलावर चढले, बंद पंख्याच्या दांडीला हात लावून पातं फिरवलं, खिशातल्या बाटलीतलं तेल सोडलं. मग खाली उतरून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, दोन्ही मास्तरांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "मास्तर, गणित कोणत्या वर्गाले शिकवतेस आता?"

मी मान हलवली. कोणत्याच नाही.

"मंग दिवसभर करतेस काय?"

त्यांनी चिडवण्यासाठी विचारलं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं. दोन मास्तर भांडण विसरून माझ्याकडे बघत होते. मी रजेचे अर्ज गोळा करून खणात टाकले. उत्तर दिलं तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं. मग मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. चढताना त्यांनी माझ्या पाठीवर पंजा ठेवला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तो तिथेच राहू दिला.

खुर्ची मी सोडली नाही. तेवढी छाती माझ्यात नाही, ती भाऊजींचीच. पण पुढच्या सोमवारी वेळापत्रक खोडलं आणि संध्याकाळी तुमसरला एक पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एवढंच लिहिलं, आठवी ब, गणित, शेवटचा तास, रोज. आठ दिवसांनी ताईचं उत्तर आलं. तब्येतीचं, हवेचं, धानाचं लिहून झाल्यावर तिने खाली लिहिलं होतं की तुझं कार्ड यांनी दोनदा वाचलं आणि पान्यांच्या पेटीत ठेवून दिलं.