बेस चालू आहे

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका हॉटेलात मामूंचा जॅझ क्लब होता. तिथे डबल बेसचा सोलो सुरू झाला की काउंटरवरचा मिक्सर बंद होत असे. माणसाएवढं उंच ते वाद्य एकटं वाजू लागलं, की त्याचा सूर कुठल्याही मोटरच्या आवाजात बुडतो, असं मामूंचं म्हणणं. गिऱ्हाईक कोण, हे ते पाहत नसत. "हबीबी, बेस चालू आहे. शेक कुठे पळून जात नाही."

मामू रत्नागिरीकडचे, आता गावीच असतात. दुबईत त्यांचा एसी दुरुस्तीचा धंदा होता. एका हॉटेलात त्यांनी दुरुस्तीसाठी एसी बंद केला आणि त्या शांततेत शेजारच्या हॉलमधली जॅझची तालीम त्यांना ऐकू आली. एसी पुन्हा सुरू व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला. पुढे धंदा भावाकडे देऊन त्यांनी क्लब काढला. स्वतःला काही वाजवता येत नसे. "वाजवणारे पुष्कळ आहेत. ऐकणारा एक तरी परमनंट हवा ना!"

जागा हॉटेलची होती. करार संपत आला तेव्हा हॉटेलचे नवे मॅनेजर साने पत्नीसह क्लब पाहायला आले. क्लब राहणार की जाणार, हे त्यांच्या हातात होतं. सानेबाईंची कोल्ड कॉफी मिक्सरमध्ये फिरू लागली आणि स्टेजवर बेसचा सोलो सुरू झाला. मामूंनी स्वतः जाऊन प्लग काढला.

"मामू, रिन्युअल माझ्या टेबलवर आहे. लक्षात आहे ना?" साने म्हणाले.

"आहे साहेब. सोलो होऊ दे, मग बोलू."

"अहो, गप्प बसा जरा," सानेबाई नवऱ्याला म्हणाल्या.

करार वाढला नाही. हॉटेलला डीजे हवा होता. "खलास," एवढंच म्हणून मामू नवी जागा शोधू लागले. पार शारजाच्या हद्दीजवळ, अल कुसैसच्या एका जुन्या हॉटेलात निम्म्या आकाराचा हॉल मिळाला. इतक्या लांब कोण येणार, ही वादकांची काळजी. मामूंनी मात्र मिक्सर कुठे ठेवायचा, यातच अर्धा दिवस घालवला.

पहिल्या संध्याकाळी बरीच टेबलं रिकामी होती. पुढच्या टेबलाशी साने पती-पत्नी बसले होते. बेस एकटा वाजू लागला, तेवढ्यात नवा वेटर त्यांच्याकडे वाकला. "सर, कॉफी?"

"रुको भाई," साने हळूच म्हणाले. "सोलो होने दो."

मामू मिक्सरकडे निघाले होते. ते अर्ध्या वाटेवर थांबले, जवळची रिकामी खुर्ची ओढली आणि ऐकत बसले.